नऊ सामने दुसरीच्या नावावर

हिरा घुगे पहिल्या हंगामात चौदा सामने खेळली. लीगच्या कागदावर त्यातले पाच लागले. उरलेले नऊ कुठे गेले हे बोईसरच्या रिंकबाहेर टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, पण रिंकच्या आतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि सगळे गप्प होते. गप्प बसणाऱ्यांत पहिला नंबर खुद्द हिराचा होता, आणि तिचा सगळ्यात मोठा राग आजही त्याच गोष्टीवर आहे.

खेळ आधी सांगायला हवा, कारण हॉकी म्हटलं की आपल्याला गवत आठवतं. हा खेळ बर्फावरच्या हॉकीचा भाऊ. आपल्याकडे बर्फ उसाच्या रसात आणि मासळीच्या पेटीत, म्हणून इथे गुळगुळीत सिमेंटच्या मैदानावर, म्हणजे रिंकवर, खेळतात, पायात एका रांगेत चार चाकं असलेले स्केट घालून. दोन्हीकडे चार-चार खेळाडू आणि एकेक गोलरक्षक, चेंडूच्या जागी प्लॅस्टिकची चपटी चकती. जोरात सुटलेली चकती दिसत नाही, लागते. म्हणून गोलरक्षक डोक्यापासून टाचेपर्यंत बांधलेला असतो, तोंडावर लोखंडी जाळी. आत कोण आहे हे सख्ख्या आईलाही सांगता येऊ नये. पुढचा सगळा घोळ या जाळीनेच सोपा केला.

हिरा सरावलीची. बाप रामकिसन हिंगोलीकडचा. पंचवीस वर्षांपूर्वी फिटरच्या कामाला आला, परत जाऊ जाऊ म्हणता इथलाच झाला. आई एका कॉलनीत साहेबलोकांकडे पोळ्या लाटायला जायची, सुट्टीत अकरा वर्षांची हिरा तिच्यासोबत. कॉलनीतल्या पोरांसाठी रिंक होती. हिरा जाळीला नाक लावून उभी असायची. एका बाईने आपल्या मुलीचे लहान झालेले स्केट तिला देऊन टाकले. आठातली तीन चाकं एका बाजूने झिजून तिरकी झालेली. त्या पोरांचा नियम होता, ज्याची चाकं खराब तो गोलात. असा हिराचा खेळाडू म्हणून जन्म झाला. कुणी हेरून, घडवून नाही. चाकं तिरकी होती म्हणून.

पण एकदा गोलात उभी राहिली ती राहिलीच. चकतीकडे बघून चकती अडत नाही हे ती स्वतःच शिकली. समोरच्याच्या काठीवरचा खालचा हात बघायचा, तो घट्ट झाला की फटका आला. सोळाव्या वर्षी साहेबांची पोरं तिला आपल्या बाजूने घेण्यासाठी भांडायची. तीच पोरं पुढे कॉलेजला पुण्या-मुंबईला गेली आणि हिरा बारावी करून एमआयडीसीत औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली, ठेकेदाराकडून.

इथे एक रीत सांगायलाच हवी. जिला ही रीत माहीत नाही तिला हिरा मूर्ख वाटेल, आणि हिरा मूर्ख नाही.

ठेकेदाराला गेटपास मिळतात मोजके. समजा तीस. त्या तिसातली एक बाळंतपणाला गेली, एक गावी गेली ती आलीच नाही, एकीने कंटाळून सोडलं. पास तसेच राहतात. मग नवी मुलगी आली की तिला त्यातलाच एक हातात देतात, "सध्या यावर जा." वॉचमन डोकी मोजतो, तोंडं बघत नाही. हिरा पहिले तीन महिने भाग्यश्री होती. खरी भाग्यश्री कोण, कुठली, हिराला आजतागायत माहीत नाही. सुपरवायझरने "भाग्यश्री, कार्टन" असं ओरडलं की हिरा कार्टन आणायची. तिच्या पुढची चारुशीला नावाने आत जायची, मागची कुणा मृत बाईच्या नावाने. मशीनमध्ये बोट गेलं तर ते कुणाचं बोट, असा प्रश्न कुणी विचारत नसे. कामाशी काम. नाव काय, नाव घरी आहेच.

ही सवय लावलेली असते. माणसाला आधी नावाशिवाय राबायला शिकवायचं, मग त्याच्याकडून हवं ते करून घ्यायचं. हे ज्यांना कळतं ते गेटच्या आतल्या केबिनमध्ये बसतात.

मग महिलांची राज्य लीग निघाली. आठ शहरं, आठ मालक. दोन केमिकलचे कारखाने असलेल्या एका शेठने बोईसरचा संघ घेतला, नाव ठेवलं 'बोईसर भरारी'. कॉलनीतलीच रिंक भाड्याने घेतली, बाजूने पत्र्याच्या पायऱ्या केल्या. संघाचा मॅनेजर कोण, तर मनीष. हाच मनीष पॅकिंगच्या ठेकेदाराचा सुपरवायझर. शेठचं म्हणणं, माणसं हाताळायचा अनुभव आहे. अनुभव होता, यात खोटं काही नाही.

संघात नऊ मुली. कर्णधार जयवंती, शिरगावची. घरची वाडी, चिकूच्या पेट्या उचलून खांदे असे झालेले की समोरची आपटली तर तीच मागे जायची. पोस्टरवर मात्र जयवंती नव्हती. पोस्टरवर होती चारुता, पुण्याची, नावाजलेली गोलरक्षक. देशाच्या संघाच्या शिबिराला जाऊन आलेली. हिरा राखीव.

पहिला सामना रविवारी. बाहेरच्यांना रविवार म्हणजे सुट्टी, पण आपल्या एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. म्हणजे या मुलींनी शुक्रवारी सराव करायचा आणि रविवारी पाळी बदलून, कुणाच्या तरी हातापाया पडून सामन्याला यायचं. हिरा सकाळची पाळी अर्धी टाकून रिंकवर पोचली तेव्हा मनीष कपडे बदलायच्या खोलीबाहेर उभा होता.

"सुन, चारुताचा गुडघा गेलाय. तू उभी राहतेस."

हिरा लगेच खाली बसली. तिने स्केटच्या नाड्या आवळायला घेतल्या.

"फक्त एक आहे," मनीष म्हणाला. "तुझं रजिस्ट्रेशन अजून आलं नाय लीगकडून. ते येईपर्यंत चारुताच्या नावावर बस. सामनापत्रकावर तिचीच सही मार. जर्सी पण तिचीच आहे, एकतीस नंबर."

"चालतं का असं?"

"अरे यार, भाग्यश्रीच्या पासवर तीन महिने चाललं ना?"

हिरा हसली. खरंच हसली, कारण वाक्य तिच्या ओळखीचं होतं. आणि तिने सही मारली. बाजूला जयवंती काठीला पट्टी गुंडाळत होती, तिनेही बघितलं. सातही जणींनी बघितलं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. काम महत्त्वाचं, पास कुणाचा का असेना.

तो सामना बोईसरने चार-एकने जिंकला. पायऱ्यांवरून लोक "चारुता, चारुता" ओरडत होते आणि हिरा गोलात उभी होती.

मग हंगाम सुरू झाला तो सुरूच झाला. नाशिकला जाऊन हरल्या, घरी नाशिकला हरवलं. कोल्हापूरने सात गोल चढवले, त्या दिवशी हिरा जेवली नाही. सोलापूरच्या रिंकवर मधे एक भेग होती, चकती तिच्यावर आली की उडी मारायची. हिराने पहिल्या दहा मिनिटांत ती भेग ओळखली आणि जयवंतीला सांगितलं, मग जयवंतीने मुद्दाम तिथूनच दोन गोल मारले. रजिस्ट्रेशन दर आठवड्याला 'येतंय' होतं.

पुण्याचा सामना सगळ्यात वाईट. चारुताचंच गाव. रिंकच्या कडेला तिच्या शाळेचे जुने मास्तर येऊन बसलेले. सामन्याआधी ते कठड्यापाशी आले आणि जाळीतल्या हिराला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "काय गं चारुता, गुडघ्याचं ऑपरेशन केलं की उंची पण कमी होते का?"

हिराने मान हलवली. बोलली असती तर आवाजाने पकडली गेली असती. मास्तर हसत निघून गेले, मागून जयवंती हसून लोळायची बाकी राहिली होती. "होते मास्तर, चार इंच जाते," ती पुटपुटली. बसमध्ये परत येताना सगळ्या त्यावरच हसत होत्या. हिराही हसली, पण वसईच्या पुढे आल्यावर खिडकीकडे तोंड करून बसली. एवढ्या लोकांपुढे स्वतःच्या घामाबद्दल तोंड न उघडता उभी राहिले, हे तिला तेव्हा टोचलं. पहिल्यांदा.

नववा सामना घरी, पहिल्या नंबरच्या कोल्हापूरशी. कोल्हापूरने गोलावर अडतीस फटके मारले आणि हिराने सदतीस अडवले. शेवटच्या मिनिटाला त्यांची सगळ्यात तगडी मुलगी एकटीच समोर आली. हिराने तिचा खालचा हात बघितला, घट्ट झाला नाही, म्हणजे फटका नाही, हूल. हिरा जागची हलली नाही. त्या मुलीने डावीकडे नेलेली चकती हिराच्या पायावर आपटून थांबली. बोईसर दोन-एक.

दुसऱ्या दिवशी इथल्या पेपरात चार कॉलम. 'चारुताची अभेद्य भिंत'. फोटो हिराचा, जाळीसकट. रामकिसनने ड्यूटीवरून येताना पेपर आणला होता. त्याने तो घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला.

"कशाला ठेवताय?" हिरा म्हणाली. "आपलं कुठंय त्यात?"

"फोटू तर तुझाच हाय की."

"खाली नाव वाचा."

"असू दे गं बाई," रामकिसन म्हणाला. "म्या अकरा ठेकेदारांच्या हाताखाली काम केलं. कोन मला रामकिसन म्हनलं? कुनी शिंदे लिवलं, कुनी नुस्तं फिटर दोन. पोट भरलं का न्हाई?"

"भरलं. आणि आता कुणी विचारलं की पंचवीस वर्षं कुठं होता, तर काय दाखवाल?"

रामकिसनने पेटीचं झाकण लावलं. दाखवायला त्याच्याकडे कागदच नव्हता. हिराला नंतर वाटलं, बापाला असं बोलायला नको होतं. पण जे बोलली ते खोटं नव्हतं, आणि ते तिला स्वतःच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तिने मनीषला गेटवर गाठलं आणि सांगितलं, माझं कार्ड आल्याशिवाय दहावा सामना खेळणार नाही. मनीषने मोबाइलवर बोट फिरवलं, डोकं खाजवलं, आणि दोन दिवसांत कार्ड हजर. प्लॅस्टिकचं, फोटोसह, हिरा रामकिसन घुगे, गोलरक्षक. ती इतकी हरखली की कार्ड उलटून बघायचं तिला सुचलं नाही. पुढचे पाच सामने ती स्वतःच्या नावाने खेळली. त्यातले तीन जिंकले. बोईसर चौथ्या नंबरवर आली, आणि वरच्या चार संघांची बाद फेरी होणार होती. उपांत्य सामना पुन्हा कोल्हापूरशी, रविवारी, बोईसरच्याच रिंकवर.

शुक्रवारी सरावाला गेल्या तर भिंतीवर यादी लागलेली. गोलरक्षक, चारुता. हिराचं नाव राखीवमध्येही नाही.

आणि चारुता स्वतः बाकावर बसलेली. उंच, शांत, गुडघ्याला निळा पट्टा. तिने सगळ्यांकडे बघून मान डोलावली.

"मनीषभाऊ, हे काय?" हिराने विचारलं.

"नियम आहे. बाद फेरीत खेळायचं तर साखळीतले सात सामने नावावर पाहिजेत. तुझे पाच."

"माझे चौदा."

"कागदावर?"

आता या नियमाची गंमत बघा. मालकांनी बाद फेरीच्या तोंडावर बाहेरून मोठी नावं आणून बसवू नयेत, वर्षभर राबलेल्या पोरींची जागा जाऊ नये, म्हणून लीगने हा नियम केलेला. हिरासारखींसाठीच केलेलं कुंपण. आणि त्याच कुंपणाने शेत खाल्लं.

हिराने दप्तरातून कार्ड काढलं. दाखवायला म्हणूनच काढलं, आणि हातात फिरवताना मागची बाजू दिसली. नोंदणीची तारीख. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे कार्ड अडकलं नव्हतं. कार्ड नऊ आठवडे मनीषच्या ड्रॉवरमध्ये होतं. चारुताचा गुडघा बरा व्हायला तीन महिने लागणार, तेवढ्यात तिच्या नावावर सात सामने जमले पाहिजेत, आणि ते जमवायला जाळीमागे एक बिनतोंडाची मुलगी पाहिजे. हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. म्हणूनच राखीव म्हणून पॅकिंगमधली मुलगी घेतली होती, दुसऱ्याच्या पासवर आत जायची सवय असलेली.

"तू हे ठरवून केलंस," हिरा म्हणाली. अहो-जाहो तिथेच संपलं.

"आवाज खाली. तुला खेळायला मिळालं ना? हंगामभर मजा मारली ना? आता मोठ्यांचा सामना आहे."

हिराने चारुताकडे बघितलं. "आणि तू? आयत्या बिळावर येऊन बसलीस?"

चारुताचा चेहरा उतरला. "मला सांगितलं होतं की लीगची परवानगी आहे," ती म्हणाली. "राखीव खेळाडू माझ्या नोंदणीवर खेळतेय म्हणून. मी विचारलं नाही जास्त. विचारायला हवं होतं."

"हो. हवं होतं."

मनीष निघून गेला. रिंकवर कुणी चकती टाकेना. मग जयवंती हिराला दंडाला धरून पायऱ्यांच्या मागे घेऊन गेली.

"काय करनार तू?"

"लीगच्या मॅडम येणार रविवारी. सांगणार त्यांना."

"सांग. मग काय व्हईल म्हाईत हाय? नऊ म्याचमदे खोट्या नावाची गोलकीपर. नऊ म्याचचे गुन जातील. आमी चौथ्यावरनं आठव्यावर. रविवारी रिंकवर आमी नाय, पाचव्या नंबरचं सोलापूर उबं राहील."

"मग मी काय करू, टाळ्या वाजवू?"

"मी तुजं काय वाईट केलं? मी माज्या नावानं खेळले. एकवीस गोल हायेत माजे. बाद फेरी खेळली तर सर्टिफिकेट मिलंल, त्यावर खेळाडूंच्या कोट्यातनं भरतीचा फॉर्म भरता येल. वय निगून चाललंय माजं. पेट्याच उचलू काय मरेपर्यंत?"

"तू बघत होतीस ना मी सही करताना?"

"व्हय, बघत व्हते."

"बोललीस?"

"तू बोललीस?"

जयवंतीचं म्हणणं खरं होतं. आपलंही खरं होतं. आणि ज्याने दोघींचं खरं एकमेकांच्या आड आणून ठेवलं होतं तो चहाच्या टपरीवर मोबाइल बघत उभा होता. असंच होतं नेहमी. दोन राबणाऱ्या पायऱ्यांमागे भांडतात आणि ठेकेदार चहा पितो.

घरी रामकिसनने ऐकून घेतलं. "गप राहा," तो म्हणाला. "ज्यांच्यासंगं खेळलीस त्यांच्या पोटावर पाय देऊ नगंस. तुझं नाव पुढल्या साली व्हईल."

"पुढच्या साली तेच होईल, आबा. माझ्या जागी दुसरी उभी करतील आणि तिला म्हणतील, हिरानं ऐकलं होतं, तू पण ऐक."

शनिवारभर ती पॅकिंगला होती. गोळ्यांच्या पाकिटांवर बॅच नंबर बघायचा, चुकला तर पाकीट बाजूला काढायचं. दिवसभर हेच. गोळीवर खोटा नंबर चालत नाही, एका पाकिटासाठी सगळी बॅच थांबवतात. माणसावर चालतो. हा विचार तिच्या डोक्यात घुसला तो निघेना.

रविवारी रिंक भरली होती. शेठने पुढच्या रांगेत सोफे टाकले होते. लीगच्या निरीक्षक अर्चना मॅडम टेबलावर सामनापत्रक पसरून बसल्या होत्या. पूर्वी कुठल्याशा शाळेत खेळ शिकवायच्या, चष्मा दोरीला बांधलेला. हिरा साध्या कपड्यांत त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, या हंगामात मी नऊ वेळा खोटी सही केली. लिहून आणलंय." तिने वहीचा कागद टेबलावर ठेवला. नऊ तारखा, नऊ गावं, खाली स्वतःचं पूर्ण नाव.

मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला. "हे दिल्यावर तुमच्या संघाचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि तुमचं?"

"ते पण."

मनीष धावत आला. "मॅडम, ही नाराज आहे. सिलेक्शन झालं नाय म्हणून काहीतरी."

मॅडमनी त्याच्याकडे न बघता चारुताला बोलावलं. ती जाळी काखेत घेऊन आली. "या नऊपैकी तुम्ही किती खेळलात?"

मनीष तिच्याकडे बघत होता. शेठ सोफ्यावरून बघत होते. चारुताने जाळी दुसऱ्या काखेत घेतली.

"एकही नाही," ती म्हणाली. "मी पुण्यात व्यायाम करत होते."

एवढं बोलून तिने जाळी टेबलावर ठेवली. हिराच्या मनात तिच्याविषयी जे विष होतं त्यातलं अर्धं तिथेच उतरलं. अर्धं राहिलं, कारण पहिल्याच आठवड्यात एक फोन केला असता तर हे झालंच नसतं.

त्या दिवशी बोईसर खेळली नाही. भोंग्यावर घोषणा झाली तेव्हा पायऱ्यांवरून शिव्या आल्या, आणि त्या मनीषला नाही, हिराला आल्या. 'घरभेदी' हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द. जयवंतीने काठी कठड्यावर ठेवली, स्केट काढले आणि अनवाणीच रिक्षापर्यंत चालत गेली. हिराकडे तिने बघितलंसुद्धा नाही. सोमवारी ठेकेदाराच्या माणसाने हिराचा गेटपास काढून घेतला. तोपर्यंत तिचा स्वतःच्या नावाचा पास झाला होता. काढून घेताना मात्र नाव बरोबर वाचलं.

पंधरा दिवसांनी लीगचा निकाल आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसा. संन्यासी म्हणावं इतकी हिरा निर्दोष नाही, सही तिनेच केली होती. पण चोर मात्र साफ सुटला. मनीषला 'समज'. शेठला शब्दही नाही. चारुता पुढच्या हंगामाला मोकळी. हिरावर एक वर्षाची बंदी. आणि बोईसरचे नऊ सामने, त्यातल्या सगळ्यांच्या सगळ्या गोलांसह, रद्द.

निकालाची प्रत कर्णधाराकडे जाते. शुक्रवारी दुपारी जयवंती सरावलीला हिराच्या दारात उभी राहिली. हिरा आता एमआयडीसीच्या दुसऱ्या टोकाला कापडाच्या कारखान्यात जात होती, सुट्टी म्हणून घरी होती. रामकिसन खाटेवरून उठला, "ये बाय, बस" म्हणाला. जयवंती बसली नाही. तिने कागद पुढे केला.

"वाच. पयलं पान."

हिराने वाचलं. 'हिरा रामकिसन घुगे हिने खालील सामन्यांत अन्य खेळाडूच्या नावाने गोलरक्षण केले.' खाली नऊ ओळी. तारीख, ठिकाण, विरुद्ध संघ, अडवलेले फटके. प्रत्येक ओळीत पुन्हा तिचं नाव, कारण शिक्षा द्यायची तर गुन्हा कुणाचा हे लिहावं लागतं. नववी ओळ कोल्हापूरची. अडवलेले फटके, सदतीस.

लीगच्या शिक्क्याखाली, सहीनिशी, ते नऊ सामने हिराने खेळले होते. कौतुक म्हणून जे कुणी लिहिलं नसतं ते बंदी घालताना त्यांना लिहावं लागलं होतं.

"नऊ वेला तुजं नाव हाय," जयवंती म्हणाली. "मिलालं तुला. आता दुसरं पान वाच आन माजं कुटं हाय ते सांग."

दुसऱ्या पानावर जयवंतीचं नाव नव्हतं. एकवीसपैकी बारा गोल त्या नऊ सामन्यांत होते, आणि नऊ सामने रद्द म्हणजे ते गोल झालेच नाहीत. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने, राजरोस मारलेले गोल.

हिरा खाली मान घालेल असं जयवंतीला वाटलं असावं. पण हिराचं डोकं तापलं. खोटी सही माझी, ती करायला लावली मनीषने, आणि गोल पुसले हिचे? हा कुठला न्याय? वड्याचं तेल वांग्यावर काढायलाही काही मर्यादा असते. तिने आतून वही आणली, जमिनीवर मांडी घातली.

"तीस दिवसांत अपील करता येतं, शेवटच्या ओळीत लिहिलंय. माझी बंदी राहू दे, त्याबद्दल एक शब्द लिहायचा नाही. तुम्ही सात जणी आपापल्या नावाने खेळलात, तुमचे गोल का पुसले, एवढंच विचारायचं. आणि कार्ड ड्रॉवरमध्ये कुणी ठेवलं तेही विचारायचं. माझ्या कार्डाची मागची बाजू जोडते. सातही जणींच्या सह्या लागतील."

"त्या तुज्या नावानं बोटं मोडतात."

"मोडू देत. सही करायला एक बोट शिल्लक असलं म्हणजे झालं."

रामकिसनने चहाचं आधण ठेवलं. जयवंती उभीच होती.

"मी तुज्यावर रागावलेलीच हाय. कागदावर सही केली म्हंजे राग गेला असं समजू नको."

"राहा रागावलेली," हिरा म्हणाली. पेनचं टोपण तिने दातांनी काढलं. "सोलापूरच्या सामन्यात भेगेवरून मारलेस ते दोन. तिसरा गोल कुणाचा, तुझा का?"

"तिसरा माजाच," जयवंती म्हणाली आणि खाली बसली. "चवथा पन माजाच व्हता, पंचानं दिला नाय. तो पन लिव."